टीव्हीमागची कांडी

माझा भाऊ मंगळवारी गेला. नागपूरच्या अमरावती रोडवर, वाडीच्या अलीकडे, ट्रकने त्याच्या मोटारसायकलला धडक दिली. दुपारी पोलिसांचा फोन आला. बुधवारी सकाळी आम्ही त्याला घाटावर नेलं.

त्यानंतर महिनाभराने आमच्या घरातला टीव्ही बंद पडला. मला लिहायचं आहे ते त्या टीव्हीबद्दल. इतक्या मोठ्या गोष्टीनंतर टीव्हीसारख्या वस्तूबद्दल काय लिहायचं, असं वाटून मी दोनदा कागद बाजूला ठेवले. पण त्या दिवसांत आईचा जीव टीव्हीतच अडकलेला होता, आणि तो मी बंद पाडला होता.

घरात आम्ही चौघं राहायचो. आई, भाऊ, त्याची बायको आणि मी. मी लग्न केलं नाही. एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. भाऊ माझ्यापेक्षा बराच लहान, वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर सुपरवायझर होता. दिवसभर ट्रकवाल्यांशी बोलून घसा बसलेला असायचा, तरी घरी येऊन पुन्हा बोलायचा. आमच्या घरातलं बोलणं बहुतेक त्याचंच होतं. मी आणि आई ऐकणारे.

टीव्ही बाबांनी रिटायर झाल्यावर घेतलेला. काळ्या जाड चौकटीचा. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते. रिमोटने टीव्ही बंद केला की खाली लाल दिवा जळत राहायचा, तो त्यांना खपायचा नाही. "आम्ही तिकडं कोळसा जाळून राहिलो, अन् तुम्ही इथं लाल दिवा लावून झोपून राहिले," असं म्हणून ते उठायचे आणि भिंतीवरचं बटण बंद करायचे. बाबा गेल्यावर हे काम आईने घेतलं. झोपायच्या आधी मोरी, गॅस, दार आणि टीव्हीचं बटण.

वस्तीत घरोघरी मोठे नवे टीव्ही आले, तेव्हा भाऊ म्हणाला, आपणही घेऊ. आई म्हणाली, "बाबानं घेतलेला हाय. चालते तोवर चालू दे." मग एक दिवस तो बोटभर लांबीची काळी वस्तू घेऊन आला. ही टीव्हीच्या मागच्या खाचेत बसवली की जुना टीव्हीसुद्धा इंटरनेटवर चालतो, असं त्याने आईला समजावलं. आईने ती हातात घेऊन पाहिली. म्हणाली, "एवढ्याशा कांडीनं?" तेव्हापासून घरात तिचं नाव कांडी.

ती बसवायला त्याला अर्धा रविवार लागला. खाच नेमकी भिंतीच्या बाजूला होती, त्यामुळे शोकेस पुढे ओढून तो तिच्यामागे आडवा शिरला. टीव्हीतून मिळणारा करंट कांडीला पुरेना, तेव्हा तिचा चार्जर वेगळा बोर्डात लावला. त्याची बायको समोर उभी राहून हसत होती. तिने त्याच्याच मोबाइलवर फोटो काढला. शोकेसमागून बाहेर आलेले दोन तळपाय, बाकी माणूस नाही.

आईसाठी त्याने पडद्यावरची भाषा मराठी केली. आई चौथी शिकलेली आहे. हळू वाचते, पण वाचते. आईचा ईमेल नव्हता, म्हणून कांडीवर त्याने स्वतःचं खातं टाकलं, आणि त्या खात्यातले त्याच्या मोबाइलचे फोटोही जोडून दिले. टीव्ही लावून पाच मिनिटं कशालाच हात लावला नाही, की ते फोटो एकामागून एक पडद्यावर येऊ लागत. तेव्हा त्याचं कोणालाच काही वाटत नव्हतं. आई ओरडायची, "बंद करा ते. पाहून कोणी नाही राहिलं अन् करंट जळून राहिला."

वायफायही त्याच आठवड्यात आलं. एका सकाळी मी त्याला पासवर्ड विचारला. तो नळावर दात घासत होता. तोंडात फेस. म्हणाला, "काहून पायजे?" कशाला हवा म्हणून, आणि माझ्याकडे पाहून हसत राहिला. मी म्हणालो, "राहू दे." माझा स्वभाव असा आहे की समोरच्याने एकदा नाही म्हटल्यावर मी दुसऱ्यांदा विचारत नाही. मोबाइलसाठी मी माझं वेगळं रिचार्ज करत राहिलो. शेजारची पोरं विचारायला आली तर त्यांनाही तो हेच म्हणायचा. ती पोरं मात्र नंतर आमच्याच ओट्यावर मोबाइल घेऊन बसलेली दिसायची. पोरांना देतो आणि मला देत नाही, हे मला थोडं लागलं होतं. बोललो नाही.

तो गेला तेव्हा मे महिना होता. आईच्या खोलीतल्या कूलरची खस, बाजूंना लावतात ते वाळ्याचं गवत, जुनी झाली होती, हवा गरम यायची, आईला झोप लागत नव्हती. दोन दिवस ती कुरकुर करत होती. मंगळवारी त्याच्या बायकोने त्याला फोन केला की येताना नवी खस आणा. तो अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून निघाला. मी वाडीला पोचलो तेव्हा खसचा गठ्ठा कोणीतरी रस्त्याच्या कडेला नीट उभा करून ठेवलेला होता.

सातव्या दिवशी जलदानाच्या कार्यक्रमाला विहारातले भंतेजी आले, पाहुणे आले, जेवणं झाली. संध्याकाळी पाहुण्यांतल्या चार-पाच बाया उरल्या होत्या. भावाची बायको पांढऱ्या साडीत सतरंजी गोळा करत होती. आई भिंतीला टेकून बसली होती. एकाएकी म्हणाली, "फोन तूच केला त्याले. खस एक दिवस उशिरा आली असती, तर कोणी मरत होतं का?"

खस कोणाच्या खोलीची होती, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. आईलाही. भावाची बायको गुडघ्यावर बसलेली होती. तिने सतरंजीची घडी पूर्ण केली, ती कोपऱ्यात ठेवली आणि आत गेली.

दुसऱ्या सकाळी काटोलहून तिचे वडील आले आणि तिला घेऊन गेले. तिची बॅग मी ऑटोपर्यंत नेली. आपल्यात निघणारं माणूस "येतो", "येते" म्हणतं. ती म्हणाली, "जाते दादा." भावाचा मोबाइल तिच्याच पर्समध्ये होता. तो मागायचं माझ्या मनातही आलं नाही.

घरात आई आणि मी, दोघं ऐकणारे उरलो.

आवाज हवा म्हणून आई टीव्ही लावायची आणि आवाज सहन होत नाही म्हणून तो बंद करायची. चित्रं हलत राहायची. एक दिवस काहीच न लावता ती समोर तांदूळ निवडत बसली. मी पेपर वाचत होतो. पडदा काळा झाला आणि फोटो आला. काटोलच्या बगीच्यात भाऊ झाडाखाली उभा राहून संत्रं खातो आहे, हनुवटीवर रस आला आहे, आणि फोटो काढणारीला तो हाताने नको म्हणतो आहे. पडदाभर. आईने ताट मांडीवरून खाली ठेवलं नाही. फोटो बदलला. दुसरा आला, तिसरा आला, त्यांत तो नव्हता. आई म्हणाली, "थांब, हात नको लावू कशाले."

त्या दिवसापासून ती टीव्हीवर काही लावत नसे. सकाळी चहा झाला की समोर बसायची आणि वाट पाहायची. रात्री भिंतीवरचं बटण बंद करणं तिने सोडलं. लाल दिवा रात्रभर जळायचा. बाबा असते तर, असं मनात यायचं.

पण फोटो काढणारा माणूस फोटोत नसतो. भावाच्या मोबाइलमधले फोटो म्हणजे बहुतेक त्याच्या बायकोचे फोटो. ती पोह्यांवर तर्री वाढताना. ती गच्चीवर केस वाळवताना. ती मोटारसायकलवर उलटी बसलेली, कशासाठी कोण जाणे. ती झोपलेली, तोंड उघडं. ती रागावलेली. मधूनच एखादा ट्रकचा नंबर, फाटलेली पोती, गोडाऊनचं कुलूप, आणि पुन्हा ती. स्वतःच्या पोराचा एक चेहरा दिसावा म्हणून आईला सुनेचे वीस-पंचवीस चेहरे पाहावे लागत, आणि त्याच सुनेला तिने घराबाहेर काढलं होतं.

"हिचेच इतके काहून काढले गा यानं?" ती मला म्हणाली.

"बायको आहे त्याची."

"अन् मी कोण होती?"

"तुझेही आहेत की. तू दर वेळी पदर तोंडावर घेते."

पुढच्या फोटोत सून गच्चीवर उभी होती, आणि तिच्या पायांपाशी फोटो काढणाऱ्याची लांब सावली पडलेली होती. आई पुढे सरकली. "हा पाय," तिने बोट दाखवलं. "हा उभा हाय इथं." त्यानंतर सुनेचे फोटो ती जास्त लक्ष देऊन पाहू लागली. चेहऱ्याकडे कमी, जमिनीकडे जास्त.

असे पंधरा-वीस दिवस गेले. मग एका दुपारी मला ग्रंथालयात तिचा फोन आला. ती एरवी मला कामावर फोन करत नाही.

"लाइन जाऊन आली," ती म्हणाली. "तवापासून तो येऊन नाही राहिला."

आईने "फोटो" हा शब्द कधीच वापरला नव्हता.

मी घरी आलो. पडद्यावर घड्याळ होतं आणि खाली "इंटरनेट नाही". आई खाटेच्या काठावर बसली होती. "गोळी घेतली का?" मी विचारलं. तिला बीपीची गोळी आहे. तिने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

मी रिमोट घेऊन आत आत शिरत गेलो. यातलं मला काही येत नाही, पण मराठीत लिहिलेलं होतं आणि वाचता येतं याचा मला भरवसा होता. वायफायच्या यादीत आमच्या घरचं नाव होतं. त्यावर बटण दाबलं की दोन ओळी येत. एक "कनेक्ट करा". दुसरी "नेटवर्क विसरा". पहिली मी चार वेळा दाबली, काही झालं नाही. मोबाइलवर शोधलं तर कोणी सांगत होतं की अशा वेळी नेटवर्क एकदा विसरायचं आणि मग नव्याने जोडायचं. सोपं वाटलं.

तरी माझा अंगठा त्या बटणावर थांबला. आयुष्यभर शब्दांत काम केलं आहे, शब्द मला नुसता शब्द म्हणून सोडत नाही. "विसरा." कोणाला सांगत होता तो पडदा, कांडीला की आम्हाला. मी मागे पाहिलं नाही. मागे आई होती. मी दाबलं. पडद्याने पुन्हा विचारलं, नक्की विसरायचं आहे? मी हो म्हणालो.

मग मी नव्याने जोडायला गेलो, आणि त्याने पासवर्ड मागितला.

दाराजवळ वायफायचा डबा लावलेला आहे. त्याच्यावरचा लाल दिवा तेवढ्यात हिरवा झाला. म्हणजे बिघाड काहीच नव्हता. वीज जाऊन आली की वस्तीचं नेट मागून यायला कधी तास-दोन तास लागतात, इतकंच. मी अजून दहा मिनिटं हात बांधून बसलो असतो तर तो आपोआप आला असता.

मी त्याची जन्मतारीख टाकली. लग्नाची तारीख टाकली. मोटारसायकलचा नंबर, बाबांचं नाव, आईचं नाव, त्याच्या बायकोचं नाव. दर वेळी तेच उत्तर. "चुकीचा पासवर्ड." रिमोटच्या बाणाने एकेक अक्षर वेचावं लागतं, त्याला वेळ लागतो, आणि तो सगळा वेळ आई मागे बसून बघत होती.

"तू त्याले पुसून टाकलं," ती म्हणाली.

"पुसलं नाही आई. फोटो आहेत."

"कुठं हाय?"

आहेत हे मला माहीत होतं. कुठे आहेत हे मलाही माहीत नव्हतं.

वायफायवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, कनेक्शन भाऊच्या नंबरवर हाय. पासवर्ड बदलायचा तर कोड त्याच नंबरवर जाईन. तो मोबाइल कोणाजवळ हाय?" मी म्हणालो, काटोलला. "मग तिथून कोड घ्या. अन् नंबर चालू हाय ना? रिचार्ज सरून नंबर बंद पडला तर लंबं काम आहे. मग मृत्यूचा दाखला लागते." मी विचारलं, कांडी सगळी पुसून नव्याने सुरू केली तर? "तसं नका करू काका. मग खातं पण निघून जाईन. ते पण कोड त्याच नंबरवर मागन."

कुठूनही गेलं तरी रस्ता काटोललाच जात होता.

"तिले फोन नको करू," आई म्हणाली. मी अजून विचारलंही नव्हतं.

ती रात्र गेली, दुसरा दिवस गेला. आईने टीव्ही बंद करू दिला नाही. पडद्यावर नुसतं घड्याळ, आणि ती त्याच्यासमोर. ताट वाढलं की दोन घास खाऊन सरकवून द्यायची. गोळ्यांच्या पाकिटातल्या गोळ्या मी पाहिल्या, होत्या तेवढ्याच होत्या. रागावलो नाही, नुसतं पाकीट तिच्यासमोर ठेवलं. ती म्हणाली, "तो आला की घेते." मला भीती वाटू लागली. बाबांना जो झटका आला होता तो बीपीनेच. कूलर चालू होता, नवी खस होती, रस्त्याच्या कडेला ठेवलेलीच खस मी नंतर बसवली होती, तिचा वास घरभर होता, आणि मला घाम येत होता.

तिसऱ्या दिवशी चहा झाल्यावर आई म्हणाली, "लाव फोन. मी बोलणार नाही."

मी मोबाइल स्पीकरवर टाकून शोकेसवर ठेवला. हातात रिमोट हवा होता. घंटी बराच वेळ वाजली. मी ठेवणार तेवढ्यात तिने उचलला.

"हां दादा."

"बऱ्या आहात?"

"बरी आहे." मागे कुठेतरी कुकरची शिटी झाली. ती वाट पाहत होती.

"इंटरनेट बंद पडलं आहे," मी म्हणालो. "टीव्हीचं. वायफायचा पासवर्ड पाहिजे होता."

ती म्हणाली, "काहून पायजे."

तिच्या आवाजात चढ-उतार नव्हता. त्या महिन्यात आमच्या कोणाच्याच आवाजात नव्हता. विचारणारच, मला वाटलं. तिने का विचारू नये? नवऱ्याचा मोबाइल एवढाच तिच्याजवळ आहे, आणि आम्ही महिनाभर तिची विचारपूस केली नाही. आता काम पडलं तर फोन.

मी सगळं सांगितलं. आई रोज त्याचे फोटो पाहते. लाइन गेली होती. माझ्या हातून चुकून विसरा दाबलं गेलं. आई जेवत नाही, गोळी घेत नाही. इतकं सलग मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो.

मग ती पुन्हा म्हणाली, हळू, "काहून पायजे आहे, दादा."

आईला राहवलं नाही.

"ऐकलं?" ती माझ्याकडे पाहून मोबाइलला ऐकू जाईल असं बोलली. "आमचंच घर, आमचाच टीव्ही, अन् काहून पायजे विचारून राहिली. माहा पोरगा पायजे मले, म्हणून पायजे. सांग तिले."

मी रिमोट खाली ठेवला. आता ती फोन ठेवेल, मी मनात म्हणालो, आणि पुन्हा कधी उचलणार नाही. स्पीकरमधून श्वास ऐकू येत होता. नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती बोलली, आणि बोलताना तिचा आवाज हसण्या-रडण्याच्या मधेच कुठेतरी फाटला.

"आई, मी विचारून नाही राहिली. पासवर्डच तो आहे."

आम्ही दोघं मोबाइलकडे पाहत राहिलो.

"त्यांनीच ठेवला होता," ती म्हणाली. "काहून पायजे. इंग्लिश अक्षरात, सगळं जोडून. कोणी पासवर्ड मागितला की तेच सांगायचे अन् समोरचा चिडते का ते पाहायचे. वस्तीतल्या साऱ्या पोरायले माहीत आहे. मले वाटलं, तुम्हालेही माहीत असन."

मला नळ आठवला. तोंडात फेस घेऊन हसणारा तो. तो मला नाही म्हणाला नव्हता. पासवर्ड सांगून मला कधी कळतं त्याची वाट पाहत उभा होता, आणि मी "राहू दे" म्हणून आत निघून गेलो होतो.

मी रिमोट उचलला. तिने अक्षरं सांगायच्या आधीच टाकायला लागलो, शब्द तर मला कळला होता. बाण सरकवत सरकवत पूर्ण केला आणि दाबलं. "चुकीचा पासवर्ड."

"नाही होत," मी म्हणालो.

"पाहिजे लिहिलं का तुम्ही? पुस्तकातलं?"

"हो."

"पायजे लिहा, दादा. आपण बोलतो तसं. पी, ए, वाय, जे, ई."

मी पुन्हा सुरुवात केली. के. ए. एच. माझा अंगठा दोनदा घसरून शेजारच्या अक्षरावर गेला. मागे यावं लागलं.

"हळू सांग वं," आई मोबाइलला म्हणाली. "याचा अंगठा घसरून राहिला."

मी बोलणार नाही म्हणाली होती, ते ती विसरली होती की काय, मला माहीत नाही. पलीकडची हळू सांगू लागली. एकेक अक्षर, आणि मी "हं" म्हणेपर्यंत थांबून पुढचं. शेवटचं अक्षर टाकून मी दाबलं. एक गोल फिरत राहिला. फिरत राहिला. मग लिहून आलं, "कनेक्ट झाले".

"झालं," मी म्हणालो.

"आला का तो?" आईने विचारलं.

"लगेच नाही येत आई," मोबाइलमधून आवाज आला. "पाच मिनिटं कोणी कशाले हात नका लावू."

तिला ठेवते म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही. मीही बंद केला नाही. आम्ही तिघं बसून राहिलो, दोघं नागपूरला आणि एक काटोलला, कशालाही हात न लावता. कूलरचं पाणी टपकत होतं. काटोलला कोणीतरी भांडी घासत होतं. पडद्यावर मुख्य पान होतं आणि त्याच्या कोपऱ्यात भावाचा छोटा गोल चेहरा, नखाएवढा.

आई पडद्याकडे पाहत होती. तसंच पाहत ती म्हणाली, "खस माह्या खोलीची होती वं."



"मीच दोन दिवस डोकं खाल्लं तुमचं," आई म्हणाली. "तू फोन केला तो माह्यासाठी केला."

भांड्यांचा आवाज दूर गेला. ती बहुतेक मोबाइल घेऊन बाहेर आली असावी. "हो आई," ती म्हणाली. नाही नाही, असं काही नाही, असं ती म्हणाली नाही. मला ते बरं वाटलं.

पडदा काळा झाला. पहिला फोटो आला. हिरव्या साडीत ती, बसच्या खिडकीला डोकं टेकलेलं, काच धुळीची.

"तू आली," आई मोबाइलला म्हणाली. "हिरवी साडी. बसमध्ये हाय."

"लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी चालली होती," ती म्हणाली. "सारखे फोटो काढत होते. लोकं पाहून राहिले होते."

"थांब. तोही येईन."

गोडाऊनचं कुलूप आलं. पुन्हा ती आली, गच्चीवर. आईने तिला सावली सांगितली, कुठे पडली आहे, किती लांब आहे. ती म्हणाली, तो फोटो मी कधी नीट पाहिलाच नाही. मग शोकेसमागून बाहेर आलेले दोन तळपाय आले. मी सांगितलं, "पाय आले." पलीकडून ती म्हणाली, "हां. तो मी काढलेला आहे."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "गोळी घेतली का आई?"

आईने माझ्याकडे हात पुढे केला. मी पाकीट दिलं आणि पाणी आणायला उठलो.

ती परत राहायला आली नाही. काटोलला एका शाळेत लागली आहे. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस आली होती. आई आणि ती पडद्यासमोर बसून राहिल्या, कोणता फोटो कुठला यावर त्यांचा एकदा वादही झाला. निघताना बॅग मी ऑटोपर्यंत नेली. "येते दादा," ती म्हणाली.

भावाचा नंबर ती चालू ठेवते. कधी कोड लागला तर ती फोनवर सांगते आणि मी टाकतो. पासवर्ड आम्ही बदललेला नाही. कोणी मागितला तर मी कागदावर लिहून देतो, तोंडी सांगत नाही. टीव्ही बाबांचा आहे, कांडी त्याच्यामागे आहे, लाल दिवा रात्री जळतो. फोटोंत आता भर पडत नाही. आहेत तेवढेच फिरतात.